कात्रजहून सिंहगडाला

दिवाळी सरता सरता घराघरांतून एक विचित्र अस्वस्थता पसरते. डब्यांच्या तळाशी चिवडा उरलेला असतो, अंगावर चार दिवसांच्या जेवणावळींचे ओझे असते आणि सकाळी अंगणात उभे राहिले की हवेला तो खास कार्तिकातला गारवा असतो. अशा वेळी कोणीतरी म्हणतो, "चला, एखाद्या रविवारी डोंगरात जाऊ." सगळे "हो हो" म्हणतात आणि पुष्कळदा प्रकरण तिथेच संपते. पण यंदा ज्यांचे तिथे संपणार नाही, अशा मंडळींसाठी हा मजकूर आहे.

एका गडावर जाऊन येणे निराळे आणि एका दिवसात अनेक माथ्यांवरून चालत जाणे निराळे. गडाची वाट एकदा चढायची, एकदा उतरायची. थकवा आला तर मागे फिरले की झाले. माथ्यांच्या रांगेचे तसे नाही. निम्मी वाट संपल्यावर मागे फिरणे आणि पुढे जाणे यांचे अंतर सारखेच असते. म्हणूनच अशा चालीचा बेत घरी, जेवणाच्या टेबलावर, नकाशा पसरून करावा लागतो. डोंगरावर गेल्यावर करतो म्हणणाऱ्याने करू नये.

पुणेकरांच्या अंगणातलीच वाट उदाहरणाला घेऊ. जुन्या सातारा रस्त्यावर कात्रजच्या घाटात जुना बोगदा आहे. त्याच्या माथ्यावर वाघजाईचे देऊळ आहे. तिथून डोंगराची जी धार पश्चिमेकडे निघते ती टेकड्यांमागून टेकड्या ओलांडत थेट सिंहगडाच्या घाटरस्त्याला जाऊन मिळते. उजव्या हाताला खडकवासल्याचे पाणी, डाव्या हाताला शिवगंगेचे खोरे. पावसाळ्यात या धारेवर पडलेला थेंब उत्तरेकडे ओघळला तर मुठेत जातो, दक्षिणेकडे ओघळला तर शिवगंगेवाटे नीरेला मिळतो. दोघांची भेट शेवटी भीमेतच व्हायची, पण मध्ये केवढा वळसा! धार म्हणजे काय, हे समजायला याहून चांगली व्याख्या मला तरी ठाऊक नाही.

या वाटेवर टेकड्या किती, यावर भटक्यांत मोठा वाद आहे. कोणी तेरा म्हणतो, कोणी सोळा. उत्तर देणारा कोणत्या उंचवट्याला टेकडी म्हणतो आणि कोणत्या वेळी दमतो, यावर ते अवलंबून असते. माझे म्हणणे असे की टेकड्या मोजूच नयेत. खिंडी मोजाव्यात.

कारण सांगतो. माथा कितीही उंच असला तरी तुमचा चढ ठरतो तो त्याच्या आधीच्या खिंडीवरून. शंभर मीटर खाली उतरलात तर ते शंभर मीटर पुन्हा चढून यायचे आहेत. एका दिवसात दहा-बारा वेळा हा व्यवहार होतो आणि दरवेळी व्याज पायांकडून वसूल केले जाते. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आणि कात्रजचा घाट नऊशेच्या आसपास. तेव्हा "चारशे मीटरच तर चढायचे!" असा हिशेब करणारे तरुण मी पाहिलेले आहेत. खिंडींची बेरीज केली की तोच आकडा हजाराच्या घरात जातो. बेत करताना साधारण १५ किलोमीटर चाल आणि बेरजेने १,००० मीटर चढ असेच धरून चालावे.

ही बेरीज नकाशावर करता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. रेषा दाटीने आल्या की चढ उभा, विरळ झाल्या की ऐसपैस. दोन माथ्यांच्या मध्ये रेषा जिथे कमरेसारख्या आत ओढल्या जातात ती खिंड. पेन्सिल घेऊन प्रत्येक खिंडीवर फुली मारावी आणि खिंडीपासून पुढच्या माथ्यापर्यंत किती रेषा ओलांडाव्या लागतात ते शेजारी लिहावे. आता हातातल्या फोनवरही असले नकाशे मिळतात, आणि आदल्या रात्री उतरवून ठेवले तर खिंडीत आवाजाची रेंज नसली तरी ते आपली जागा दाखवतात. फोनला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण फोनच्या बोटभर पडद्यावर अख्खी वाट एका नजरेत मावत नाही आणि घरातल्या सहा माणसांना एकदम वाकून बघताही येत नाही. बेत हा सहा जणांनी वाकून बघायचा पदार्थ आहे.

आता वेळ. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थांनी १८९२ साली एक साधा नियम सांगून ठेवला आहे : दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात म्हणायचे तर पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला एक तास. कात्रज-सिंहगडाला हा नियम लावला तर पंधरा किलोमीटरचे तीन तास, हजार मीटरचे एक तास चाळीस मिनिटे. म्हणजे पावणेपाच तासांत काम फत्ते!

आमच्या भाच्याने हाच हिशेब मांडला होता. वय वर्षे बावीस, पाय हरणाचे. "मामा, सकाळी साडेसहाला निघालो तर सव्वाअकराला संपतंय. दुपारच्या जेवणाला घरी."

नेस्मिथसाहेबांचा यात काही दोष नाही. त्यांच्या हिशेबात धडधाकट माणूस होता, आणि विश्रांती नव्हती. आपल्या धारेवर पावसाळा संपला की गवत पिवळे पडते आणि उतारावर मुरुमाचा घसारा तयार होतो. त्यावर पाय ठेवला की खडे चाकांसारखे फिरतात. चढताना माणूस दमतो, पण उतरताना तो कचरतो, आणि कचरण्याला जास्त वेळ लागतो. त्यात डोक्यावर सावलीला झाड नाही. शिवाय वाटेतल्या गप्पा, फोटो, संत्री सोलणे, बुटात गेलेला खडा काढणे! या सगळ्याला नियमात रकाना नाही. कुटुंबाने जायचे असेल तर नेस्मिथची वेळ जवळजवळ दुप्पट करावी. नऊ तास धरावेत.

आणि ते नऊ तास संध्याकाळपासून मागे मोजावेत. सगळ्या बेतातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण सकाळपासून पुढे मोजतो : साडेसहाला निघू, मग बघू. डोंगरात मात्र ठाम घटका एकच, ती म्हणजे सूर्यास्ताची. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्याकडे सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे संधिप्रकाश, की मग अंधार. घाटरस्त्याला लागेपर्यंत दीड तास तरी उजेड हाताशी राखून ठेवावा, म्हणजे साडेचारला रस्त्यावर. तिथून मागे येत येत प्रत्येक खिंडीवरच्या फुलीला एक वेळ लिहावी. अमुक खिंड अडीचला, तमुक खिंड पावणेबाराला. असे करत कात्रजला पोचलात की निघण्याची वेळ आपोआप निघते. ती पहाटेची निघाली तर कुरकुर करू नये. पंचांगाशी भांडण करून काही मिळत नाही.

पंचांगावरून आठवले. दिवाळीत अमावास्या असते, तेव्हा तो आठवडा या कामाला वाईट. पण पुढे पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा येते, तिच्यानंतर महिन्याने दत्तजयंतीची. पौर्णिमेच्या आधीचे दोन-तीन दिवस सर्वांत सोयीचे. सूर्य मावळतो त्या वेळी चंद्र पूर्वेला वर आलेला असतो, उशीर झालाच तर पायाखालचे दिसते. पौर्णिमेनंतर तो रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी गैरहजर राहतो. तानाजी मालुसऱ्यांनी हाच गड घेतला तो १६७० सालच्या माघ वद्य नवमीच्या रात्री. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावाचून उगवत नाही. त्यांना अंधार हवा होता, आपल्याला उजेड हवा आहे. पंचांग दोघांनाही एकच. चांदण्या रात्री ही धार चालणारेही बरेच जण असतात. वाट दिवसा एकदा पायाखालून गेलेली नसेल, त्यांनी तो मोह ठेवू नये.

पाण्याविषयी थोडेच सांगायचे आहे, पण ते नीट ऐका. धारेवर भरवशाचे पाणी नाही. माणशी तीन लिटर, आणि तीन लिटर म्हणजे तीन किलो ओझे. ते सकाळी जड वाटते म्हणून घरी ठेवू नये. फराळाचे उरलेसुरले संपवण्याची ही संधी आहे असे समजून गृहिणी चिवडा-चकल्या बांधून देतात. प्रेमाने देतात, हे मान्य. पण खारट-तिखटाने तहान वाढते आणि तहानेला उत्तर नाही. बेसनाचे लाडू जरूर न्यावेत. दशम्या, गूळ, काकडी, संत्री न्यावीत. अत्तर-सेंट लावून जाऊ नये आणि वाटेत धूर करू नये. आग्या मोहोळाच्या माशा एकदा उठल्या की त्या नेस्मिथपेक्षा फार वेगळ्या गतीने चालायला लावतात.

कोणत्या टोकाकडून निघायचे, यावर आमच्या घरी दोन संध्याकाळी चर्चा चालली होती. सिंहगडाकडून निघालो तर उंचावरून सखलाकडे येणे होते आणि दुपारचे ऊन पाठीवर राहते. कात्रजकडून निघालो तर दुपारभर सूर्य डोळ्यांत, आणि मोठे चढ शेवटी, पाणी संपत आल्यावर. बुद्धीला पहिली दिशा पटत होती. पण वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, दही-भाकरी कुठल्या टोकाला आहे?" गडावरच्या पिठलं-भाकरीपुढे आणि मडक्यातल्या दह्यापुढे भूगोलाचे काही चालले नाही. शिवाय संध्याकाळच्या वेळी थकल्या पायांनी कात्रजच्या वाहत्या रस्त्यावर उतरणे मलाही पसंत नव्हते.

आता बेताच्या अवघड भागाकडे येऊ. तो भाग नकाशावर नसतो.

घोळक्याचा वेग हा सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग असतो. हे सगळे मान्य करतात आणि चालायला लागल्यावर विसरतात. तुम्ही कधी पाहिले आहे का? पुढचे लोक माथ्यावर जाऊन बसतात, पाणी पितात, घाम वाळवतात. मागचा माणूस धापा टाकत पोचतो. तो पोचला, की "आले! चला आता" म्हणून पुढचे उठतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना ती दर खेपेला मिळते आणि ज्याला हवी त्याला दिवसभरात एकदाही मिळत नाही. दुपारपर्यंत त्या माणसाचे पाय गेलेले असतात, आणि तो बिचारा "माझ्यामुळे उशीर होतोय" या लाजेने तोंड उघडत नाही. अपघात अशा गप्प माणसांना होतात. शेवटचा माणूस पोचल्यावर पाच मिनिटे सगळ्यांनी बसायचे, हा नियम कागदावर लिहूनच न्यावा.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट लिहायची. प्रत्येक खिंडीपुढे जशी वेळ लिहिली तशी खाली उतरण्याची वाट लिहायची. खिंड ही धारेची सखल जागा, तिथूनच गुराख्यांच्या वाटा दोन्ही अंगांना उतरतात. उत्तरेला धायरी-खडकवासल्याची बाजू, दक्षिणेला खेड शिवापूर-कोंढणपूरची. माथ्यावरून "इथून सरळ उतरू" म्हणून कोणी सोंडेवर घुसला तर पुढे कातळ तुटलेला असण्याची शक्यता फार. उतरायचे ते खिंडीतून, आणि मळलेल्या वाटेने. अमुक वेळेनंतर या खिंडीत पोचलो तर येथून खाली, हे आदल्या रात्री ठरवायचे, कारण त्या वेळी सगळ्यांची डोकी थंड असतात. आणि त्या कागदाची एक प्रत घरी राहणाऱ्याच्या हातात द्यायची.

गेल्या डिसेंबरात, दत्तजयंतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही सहा जण निघालो : दादा, वहिनी, पुतणी, भाचा, त्याचा एक मित्र आणि मी. दादा त्याच उन्हाळ्यात सेवानिवृत्त झाले होते. कात्रजहून सिंहगड ही त्यांची जुनी इच्छा. तीस वर्षे कचेरीच्या खिडकीतून ती धार दिसत होती, असे ते म्हणत, आणि आळीतल्या प्रत्येकाला सांगून ते निघाले होते. वहिनींचे वय अठ्ठावन्न. त्या महिनाभर दर रविवारी नेहमीच्या पायवाटेने सिंहगड चढून सराव करत होत्या. त्यांना वर जायला दोन तास लागतात, भाच्याला पाऊण. आम्ही कागदावरच्या वेळा त्यांच्या दोन तासांवरून लावल्या होत्या.

चढावर त्यांनी कोणाला थांबवले नाही. घसाऱ्यावर मात्र उजवा गुडघा बोलू लागला. चौथ्या-पाचव्या उतारापासून त्या बसून, हात टेकून उतरू लागल्या. पावणेबाराची खिंड आली तेव्हा बारा चाळीस झाले होते. कागदावर लिहिले होते : सव्वाबारानंतर, खाली. माणशी एक लिटरहून कमी पाणी उरले होते आणि अजून निम्म्याहून अधिक चढ बाकी होता.

"एवढं आलोय तर जाऊच," दादा म्हणाले. "चंद्र आहे की संध्याकाळी."

कोणी काही बोलले नाही. भाचा आणि त्याचा मित्र खाली बघत राहिले. मोठ्या मामाला कोण सांगणार? ऊन कानशिलावर होते. समोर पुढची टेकडी उभी होती, तिच्या पाठीवरून वाट शेवयासारखी वर गेलेली दिसत होती, आणि तिच्याही मागे, धुरकट, गडावरचा मनोरा.

"भाऊजी, तो कागद काढा बघू," वहिनी म्हणाल्या. मी काढला. त्यांनी तो हातात घेतला, दादांच्या पुढे धरला आणि म्हणाल्या, "हे तुमचंच अक्षर आहे ना?"

होते खरे. आदल्या रात्री मी सांगत गेलो होतो आणि दादांनी लिहून घेतले होते.

दोन तुकड्या कराव्यात, असे भाच्याने सुचवले. तो मामींना घेऊन उतरणार, बाकीच्यांनी पुढे जावे. पण पाणी दोघांत वाटायचे तर कोणालाच पुरले नसते, आणि कागदावर तुकड्यांचा पर्याय नव्हता. दादांनी पिशवी पाठीला लावली आणि डावीकडच्या ढोरवाटेला लागले. तासभर ते कोणाशीही बोलले नाहीत. पण उतारावर वहिनींच्या पुढे दोन पावले राहून चालत होते आणि जिथे घसारा होता तिथे मागे हात करत होते.

तीनच्या सुमाराला आम्ही खोऱ्यातल्या एका वस्तीवर पोचलो. एका बाईंनी ओसरीवर बसवले, घागरीतले पाणी दिले. दादांनी तीन तांबे पाणी प्यायले. मग चहा झाला. साडेचारला रस्त्यावर गाडीची वाट बघत उभे असताना त्यांनी धारेकडे तोंड करून विचारले, "वहिनींच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या चालीनं, आत्ता आपण कुठं असतो रे?"

भाच्याने हिशेब केला आणि बोट दाखवले. शेवटून तिसरी टेकडी. तिच्यापुढच्या खिंडीत सावली भरत चालली होती. दादा बराच वेळ तिकडे बघत होते. मग त्यांनी वहिनींच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

उरलेली निम्मी वाट आम्ही माघात पुरी केली, त्याच ढोरवाटेने खिंडीत चढून. मधल्या काळात वहिनींनी गुडघा दाखवून व्यायाम घेतला होता, आणि दोन काठ्या आणल्या होत्या. उतारावर दोन काठ्या म्हणजे दोन जास्तीचे पाय, हे मी आता प्रत्येकाला सांगत सुटलो आहे. ओझे चार पायांवर वाटले जाते, मुरुम सरकला तरी तोल जात नाही. चढावर त्या आखूड धराव्यात, उतारावर लांब. सव्वादोनला घाटरस्त्याला लागलो, तीनला गडावर होतो. दादांनी दह्याची दोन मडकी संपवली आणि कल्याण दरवाजाकडे जाऊन सगळी धार या टोकाकडून त्या टोकापर्यंत एकदा बघून आले.

यंदा त्यांनी राजगडावरून तोरण्याला असा बेत काढला आहे. मधली धार एका दिवसाची आहे, पण सोपी नव्हे. नकाशा गेले आठ दिवस जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे, त्यावर एक आमटीचा डाग पडला आहे. वहिनींनी फुल्या मारायला सुरुवात केली आहे. पाचव्या फुलीपुढे उतरायची वाट अजून सापडत नाही, म्हणून तारीख ठरलेली नाही.